फोटो कोणाचा

“अजून वीतभर मागे सरका, वहिनी.”

“मागे पडदा आहे, वन्सं. पडद्यातून पलीकडे जाऊ का?”

“टेकू नका, नुसतं जवळ जा. हां. आता हनुवटी वर.”

वहिनी स्टुलासकट वीतभर मागे सरकल्या. त्यांच्या पाठीमागे दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीवर पोपटी रंगाचे जाड कापड चिमट्यांनी अडकवलेले होते. पडदेबाईंनी फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तो मोठा करून पाहिला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

“या, बघा.”

वहिनींनी बघितले. त्यांच्या जबड्याच्या कडेला, कानांच्या पाळ्यांवर आणि मानेला हिरवट झाक आली होती. आठवडाभर अंथरुणात पडून उठलेल्या माणसाचा दिसावा तसा चेहरा दिसत होता.

“अगं बाई. मी अशी दिसते?”

“तुम्ही नाही. तुमच्या अंगावर पडदा दिसतोय.”

वहिनींनी तीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत साहित्य मांडले आणि आवरले होते. त्यांना कारण सांगावे लागले नाही. कापडावर पडलेला उजेड कापडाचा रंग घेऊन परततो आणि जे जवळ असेल त्यावर पडतो. पाच फुटांवर बसले तर कळतही नाही. वीतभरावर बसले की माणूस आजारी दिसतो.

“उद्या मालकांना इथंच बसवायचं,” पडदेबाई म्हणाल्या आणि स्टुलाच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या.

“म्हणजे निगेटिव्हही घेणार आणि चेहराही बिघडवणार?”

“हो.”

“दोन्ही?”

“एकतीस वर्षं झाली वहिनी. एकात भागत नाही.”

पडदेबाई हे त्यांचे नाव नव्हे. गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत त्यांनी बावीस वर्षे पडदे रंगवले, लावले, गुंडाळले, आणि उरलेल्या वेळात निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पेन्सिलीने घालवल्या. मालक त्यांना कामाच्या नावानेच हाक मारत, “पडदे, निळा लाव.” पुढे गिऱ्हाइकांनी त्याला बाई जोडले. आता त्या घरीच, बाहेरच्या बारा फुटी खोलीत फोटो काढत. अर्जाचे, ओळखपत्रांचे, कुणाच्या नोकरीच्या निरोपाचे. विकत आणलेला एकही पडदा त्यांच्याकडे नव्हता. एक राखाडी ब्लँकेट तीन पडद्यांचे काम करी. माणसाच्या लगेच मागे लावले की फिकट, दोन पावले मागे नेले की पोलादी, पाच फुटांवर जवळजवळ काळे.

“दिव्यापासून अंतर दुप्पट की उजेड चौथाई,” वहिनी एकदा म्हणाल्या होत्या.

“चौथाई तुम्ही मोजा. मला काळं हवं तेव्हा पाच फूट, एवढं मला पुरतं.”

घरात दोघीच. भाऊ गेल्यानंतर वहिनी माहेरी गेल्या नाहीत आणि पडदेबाईंनी त्यांना तसे कधी विचारलेही नाही.

खोलीच्या एका भिंतीवर वडिलांचा फोटो होता. वडील घड्याळे दुरुस्त करत. फोटोत त्यांनी डोळ्याला लावायचे काळ्या कडेचे भिंग कपाळावर सरकवलेले आहे आणि ते कॅमेऱ्याकडे असे बघत आहेत, जणू आपल्यातही काहीतरी बंद पडले आहे आणि ते कुठे हे त्यांना समजले आहे. फोटो पोस्टकार्डाएवढा. त्यांच्या डाव्या खांद्यावर स्टुडिओचा उठावाचा शिक्का. कागद दाबून उमटवलेली, बोटाला लागणारी अक्षरे. मालकांच्या आडनावाचे पहिले अक्षर बरोबर वडिलांच्या शर्टाच्या शिवणीवर येते.

तो फोटो पडदेबाईंनी काढला होता. त्या दिवशी मालक दाढ काढायला दवाखान्यात गेले होते आणि वडील स्टुडिओतले भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला आले होते. पडदेबाईंनी सकाळीच एक नवा पडदा रंगवला होता, तपकिरी, कोपऱ्यांकडे गडद होत जाणारा. तो ओला होता. वडिलांचा शर्ट खराब होऊ नये म्हणून त्यांनी त्यांना पडद्यापासून चार फूट पुढे बसवले. तोवर त्या स्टुडिओत सगळी माणसे पडद्याला चिकटून उभी राहत आणि त्यांची सावली कापडावर शाईसारखी सांडे. या फोटोत सावली नव्हती. पडदा धूसर झाला होता आणि वडील त्यातून बाहेर आल्यासारखे दिसत होते. पुढे मालक नवशिक्यांना सांगत, पडदा माणसाच्या मागे चार फुटांवर, हा माझा नियम.

मालकांना फोटो आवडला. छायाचित्रकारांच्या संघटनेच्या स्पर्धेसाठी त्यांनी तो निवडला. संघटनेचा माणूस कागद भरायला आला तेव्हा पडदेबाई काउंटरपाशी उभ्या होत्या. त्या माणसाने मान वर न करता विचारले, “फोटो कोणाचा?”

पडदेबाईंना इतका अभिमान वाटला होता की त्यांनी लगेच सांगितले, “माझ्या वडिलांचा.”

आतून मालक म्हणाले, “फोटो माझा.”

माणसाने दोन्ही लिहून घेतले. फोटोत कोण, तर हिचे वडील. फोटो काढला कोणी, तर मालकांनी. एका प्रश्नाची दोन उत्तरे दोन रकान्यांत नीट बसली. आपण चुकीच्या प्रश्नाचे उत्तर दिले हे पडदेबाईंना समजले तेव्हा लिफाफा चिकटवून झाला होता. पहिले बक्षीस मिळाले. त्यांनी मालकांना आठवण करून दिली तर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “तूच सांगितलंस ना वडिलांचा म्हणून? मग? काढला त्यांनीच का स्वतःचा?” सगळे हसले. फोटो बारा वर्षे स्टुडिओच्या दर्शनी काचेत होता. वडील गेल्यावर पडदेबाईंनी निगेटिव्ह मागितली. मालकांनी शिक्का मारलेली प्रत दिली. “निगेटिव्ह स्टुडिओची असते, पडदे.” दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर गेल्या नाहीत.

आता निगेटिव्ह कशाला हवी, हे मात्र वहिनींनी त्यांच्या डोक्यात घातले होते. एका दुपारी भिंतीवरचा फोटो पुसता पुसता वहिनी थांबल्या.

“वन्सं, भिंगाच्या काचेत समोरचं सगळं उमटतं. हा पांढरा ठिपका दिसतोय ना? ही खिडकी. आणि खिडकी आणि भिंग यांच्या मधे कोण होतं?”

“मी.”

“मग या ठिपक्यात तुम्ही असणार.”

वडिलांचेच भिंग डोळ्याला लावून पडदेबाईंनी तो ठिपका पाहिला. छापाचे कण दिसले, माणूस दिसला नाही. पोस्टकार्डावर तो ठिपका मोहरीएवढाही नव्हता. निगेटिव्ह मोठी केली तर दिसेल, असे वहिनी म्हणाल्या. कोपरे बाहेर काढून कॅमेरा धरायची पडदेबाईंची खोड होती. पडदा कसा दिसतो ते बघायला त्यांनी कॅमेरा उचलला की मालक बावीस वर्षे “कोपरं आत घे” म्हणून ओरडत आले होते. ठिपक्यातल्या माणसाची कोपरे बाहेर असतील तर आणखी काही सिद्ध करावे लागणार नव्हते.

आणि मग मागच्या आठवड्यात मालकांच्या जावयाचा फोन आला. संघटना मालकांचा सत्कार करणार आहे, स्मरणिका निघणार आहे, पानभर फोटो हवा आहे. मालक म्हणतात, काढायचा तर पडदेकडून, बाकीच्यांना बसवता येत नाही. पडदेबाई म्हणाल्या, निगेटिव्ह आणा, फोटो काढते. पलीकडे फोन हातातून हातात गेला आणि मालकांचा आवाज आला, “आणतो.”

मालक सकाळी दहाला आले. जावयाच्या दंडाला धरून उंबरा ओलांडला. अंग वाळले होते, पण चष्मा तोच होता, जाड काळ्या चौकटीचा. गाव त्यांना चष्म्यावरून ओळखे. स्टुडिओच्या पाटीवरही चष्म्याचेच चित्र होते. आता तिथे जावयाचे मोबाइलचे दुकान होते, पाटी मात्र तीच.

“खोली लहान आहे, पडदे.”

“माणूस एकच बसवायचाय, मालक.”

मालकांनी खोलीवर एक नजर फिरवली, खिडकी, स्टूल, खडूच्या खुणा, पोपटी कापड. स्टुलाकडे गेलेच नाहीत.

“हा पोपटी काढ. चेहरा हिरवा पडेल. वीतभर अंतर ठेवलंयस.” मग थोडे थांबून, “की मुद्दाम?”

चहा घेऊन येणाऱ्या वहिनी दारातच खोकल्या.

“निगेटिव्ह आणलीत?” पडदेबाईंनी विचारले.

मालकांनी खिशातून लिफाफा काढला. पडदेबाईंनी तो उघडला. आत पोस्टकार्डाएवढा फोटो होता. वडिलांचाच, डाव्या खांद्यावर तोच शिक्का असलेला.

“ही शेवटची चांगली प्रत,” मालक म्हणाले. “निगेटिव्ह घेऊन तू काय करणार? घरात डार्करूम आहे का तुझ्या?”

जावयाने मोबाइलमधून डोके वर काढले. “निगेटिव्ह? त्या लाकडी पेट्यांतल्या? त्या दुकान केलं तेव्हाच दिल्या की भंगारात. सहा पोती भरली. तो भंगारवाला सांगत होता, जुन्या फिल्म जाळून चांदी काढतात म्हणे.”

“चांदी,” पडदेबाई म्हणाल्या.

“हो ना. मला तर माहीतच नव्हतं.”

जावई परत मोबाइलमध्ये गेला. मालकांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“फोनवर आणतो म्हणालात,” पडदेबाई म्हणाल्या.

“नाही तर तू काढला असतास का फोटो?”

पडदेबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या की मालकांनी चष्मा सावरला, आणि चष्मा हलला तशी दोन्ही काचांत खिडकी हलली. लहान, उभी, चार गजांची खिडकी, एकेका काचेत एकेक. जुन्या काचा होत्या, फुगीर, आजच्यासारखा चकाकी मारणारा लेप नसलेल्या.

“वहिनी,” पडदेबाई म्हणाल्या, “आतल्या गादीवरची पांढरी चादर आणा. आणि दोन्ही टेबललॅम्प.”

वहिनींनी एकदा मालकांच्या चष्म्याकडे पाहिले, एकदा पडदेबाईंकडे, आणि काही न विचारता आत गेल्या.

पोपटी कापड उतरले. त्या जागी राखाडी ब्लँकेट चढले. मालकांचे स्टूल त्याच्यापुढे पाच फुटांवर आले. स्टुलापासून पाच फुटांवर पडदेबाई उभ्या राहिल्या. उरलेल्या दोन फुटांत, त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधून वहिनींनी चादर लावली. दिवे मालकांकडे नव्हे, चादरीकडे तोंड करून ठेवले. चादर उजळली.

“ती चादर तुझ्या मागे कशाला?” मालकांनी विचारले.

“उजेड परतवायला.”

“उजेड परतवायला बाजूला लावतात.”

“तुम्ही लावत होता.”

मालक बसले. राखाडी ब्लँकेट त्यांच्यामागे काळे होऊन गेले. फोटोसाठी बसायला त्यांना शिकवावे लागत नव्हते. पाठ सरळ, उजवा खांदा किंचित मागे, हात मांडीवर सैल. मग त्यांनी हनुवटी दोन बोटे खाली घेतली. चष्मेवाल्या माणसाची हनुवटी खाली, काचा जमिनीकडे, चकाकी जमिनीवर. हे त्यांनी हजारो लोकांना सांगितले होते.

“हनुवटी वर,” पडदेबाई म्हणाल्या.

“चकाकी येईल.”

“वर.”

त्यांनी वर घेतली. पडदेबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. मालकांच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या आणि त्या पांढऱ्यात मधोमध एक काळी आकृती उभी राहिली. त्याच क्षणी ती मालकांनाही समजली असावी. त्यांनी चादरीकडे पाहिले, मग चादरीपुढे उभ्या असलेल्या बाईकडे, आणि हनुवटी पुन्हा खाली गेली.

“चष्मा काढतो मी,” ते म्हणाले.

“काढा. स्मरणिका हातात घेऊन लोक विचारतील, हे कोण.”

“छे छे, चष्मा राहू द्या,” जावई म्हणाला. “पाटीवरही चष्माच आहे. आणि फोटो आजच पाठवायचाय, पप्पा, उद्या छपाई.”

“तू गप्प बस.”

“हनुवटी,” पडदेबाई म्हणाल्या.

“पडदे, आता काय राहिलंय? एक फोटो होता.”

“एकच होता.”

“मी तुला काम दिलं. बावीस वर्षं.”

“दिलंत. हनुवटी वर घ्या, नाही तर उठा. मी फोटो काढणार तो असाच.”

जावई कधी इकडे, कधी तिकडे बघत होता. त्याला फक्त इतके दिसत होते की एक म्हातारा हनुवटी खाली घेतो आहे आणि एक बाई ती वर करायला सांगते आहे. वहिनी दिव्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांनी चादरीचा कोपरा ताणून धरला होता.

मालक उठले नाहीत. उठायला जावयाचा दंड लागला असता, आणि परत जाऊन बसायला कुठे स्टुडिओ उरला नव्हता. त्यांची हनुवटी सावकाश वर आली. अर्धे बोट, एक बोट, दोन बोटे.

“कोपरं आत घे,” ते सवयीने म्हणाले.

“नाही घेत,” पडदेबाई म्हणाल्या, आणि फोटो काढला.

दुसरा काढला नाही.

जाताना मालक दारात थांबले. जावई चपला पुढे करत होता. मालकांनी मागे वळून न बघता विचारले, “नीट आलीस का?”

“हो,” पडदेबाई म्हणाल्या. “स्पष्ट आले.”

दुपारी संघटनेचा फोन आला. आवाज तरुण होता, घाईत होता.

“मॅडम, सरांचा फोटो मिळाला. फोटो छान आहे, फक्त चष्म्यात चकाकी आलीये. दुसरा आहे का एखादा?”

“दुसरा नाही.”

“बरं, चालेल. खाली टाकायचं होतं, फोटो कोणाचा?”

वहिनी गादीवर चादर घालत होत्या, त्या थांबल्या.

“माझा,” पडदेबाई म्हणाल्या.

“म्हणजे तुम्ही काढलाय.”

“तेही.”

“सॉरी?”

“काही नाही. लिहून घ्या.” आणि त्यांनी आपले पूर्ण नाव सांगितले. आधी स्वतःचे, मग वडिलांचे, मग आडनाव. वडिलांच्या नावातले जोडाक्षर फोडून सांगितले. मग त्याला ते परत वाचायला लावले.

स्मरणिका बारा दिवसांनी आली. सत्काराला पडदेबाई गेल्या नाहीत. मालक गेले होते की नाही ते त्यांनी कुणाला विचारले नाही. मधल्या पानांवर दोन फोटो समोरासमोर छापले होते. डावीकडे कपाळावर भिंग सरकवलेले वडील, खांद्यावर शिक्का, खाली मालकांचे नाव. उजवीकडे मालक, काळ्यातून बाहेर आलेले, खाली तीन शब्द, त्यातला मधला वडिलांचा.

वहिनींनी कपाटातल्या डबीतून वडिलांचे भिंग आणले, डोळ्याला लावले आणि उजव्या पानावर वाकल्या.

“दोन्ही काचांत आहात, वन्सं. कोपरं बाहेर.”

“आणि?”

“आणि काय. बाकी सगळं पांढरं आहे. तुम्ही उभ्या आहात तेवढ्यातूनच त्यांचे डोळे दिसतात.”

पडदेबाईंनी भिंग मागून घेतले, पण उजवे पान पाहिले नाही. त्या डाव्या पानावर वाकल्या आणि वडिलांच्या कपाळावरचा पांढरा ठिपका बराच वेळ बघत राहिल्या. छपाईचे ठिपके होते, निळे, काळे, तांबडे. माणूस नव्हता.

त्यांनी भिंग पदराने पुसले, डबीत ठेवले आणि स्मरणिका मिटली.